काळजीच्या पोटी

माद्रिदमध्ये मी ज्या बाईंकडे भाड्याने राहायचे, त्या मूळच्या आस्तुरियासच्या, म्हणजे स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या. एका रात्री भांडी घासून झाली, ओटा पुसला, फडकं पिळून वाळत टाकलं, तेवढ्यात त्या दारातून डोकावल्या आणि म्हणाल्या, "के कुरिओसा ते आ केदादो ला कोथिना!" कसं छान 'कुरिओसा' केलंयस गं स्वयंपाकघर! 'कुरिओसो' हा शब्द मला पुण्याच्या वर्गात पहिल्या काही धड्यांतच भेटलेला होता. त्याचा अर्थ जिज्ञासू, कुतूहल असलेला. स्त्रीलिंगी 'कुरिओसा', आणि त्यावरून झालेलं भाववाचक नाम 'कुरिओसिदाद'. पण पुसून लख्ख केलेल्या ओट्याला जिज्ञासा कुठून असणार?

स्पॅनिश भाषेची अधिकृत संस्था म्हणजे रेआल अकादेमी. तिचा कोश उघडला, तर सगळं तिथे होतंच. 'कुरिओसो'चे अर्थ एकाखाली एक दिलेले: दुसऱ्याच्या गोष्टी जाणून घेण्याकडे कल असलेला. माहीत नसलेलं शिकण्याची ओढ असलेला. ज्याच्याबद्दल कुतूहल वाटावं असा. स्वच्छ, नीटनेटका. आणि एखादी गोष्ट विशेष काळजीने, मन लावून करणारा. एकाच शब्दात शेजाऱ्याच्या खिडकीत डोकावणारा माणूस आहे, अभ्यासात बुडालेला विद्यार्थी आहे आणि चकचकीत ओटाही आहे. पुढे स्पॅनिश शिकवायला लागले तेव्हापासून हा शब्द मी घाईने ओलांडून जाऊ देत नाही. वर्गाचा अर्धा तास गेला तरी चालेल.

या सगळ्यांना बांधणारा धागा लॅटिनमध्ये आहे. 'कूरा' म्हणजे काळजी. आपल्या 'काळजी'सारखंच त्याला दुहेरी वजन आहे: जिवाला लागलेली चिंताही आणि जबाबदारीने घेतलेली निगाही. त्यावरून 'कुरिओसुस', म्हणजे ज्याच्यात काळजी भरून आहे असा. स्पॅनिशमध्ये या 'कूरा'चं मोठं गोकुळ नांदतं. 'कुरार' म्हणजे बरं करणं, जखमेची मलमपट्टी करणं. मीठ लावून महिनोन्महिने टांगून ठेवलेलं डुकराचं मांस 'कुरादो', मुरवलेलं चीजही 'कुरादो'. गावातल्या चर्चचा पाद्री तो 'कुरा', कारण आत्म्यांची निगा त्याच्याकडे. 'सेगुरो' म्हणजे सुरक्षित, खात्रीचा आणि विमासुद्धा. मुळात 'से-कूरा', काळजीपासून दूर. आणि याच घरातली, सगळ्यांत चंचल म्हणावी अशी लेक, कुरिओसिदाद.

रोमन लोकांना मात्र या लेकीचं कौतुक नव्हतं. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीलाच नाटककार प्लाउतुसने लिहून ठेवलं की जो 'कुरिओसुस' आहे तो दुष्ट असतोच. पुढे चौथ्या शतकात साम्राज्याच्या टपालमार्गांवर लक्ष ठेवणाऱ्या, परवाने तपासणाऱ्या आणि वर खबर पोचवणाऱ्या अधिकाऱ्यांचं नावच 'कुरिओसी' पडलं. काळजी वाहणारा तो पाळत ठेवणारा झाला. सरकारने आपली 'काळजी' घ्यायची ठरवली की काय होतं, याचं इतकं उघड उदाहरण शब्दांच्या इतिहासात क्वचितच सापडावं.

'कुरिओसितास' हे भाववाचक नाम आपल्याला पहिल्यांदा दिसतं ते रोमन वक्ता आणि राजकारणी सिसेरोच्या पत्रात. इ.स.पूर्व 59 साली तो रोमपासून दूर होता आणि शहरातल्या राजकारणाच्या बातम्यांसाठी तळमळत होता. मित्र आत्तिकुसला त्याने लिहिलं की मी कुरिओसितासच्या बाबतीत कडकडून भुकेला आहे. 'भुकेला' हा शब्द त्याने मुद्दाम ग्रीकमध्ये घातला. मला हे फार आवडतं. पुढे ज्या शब्दावर पानंच्या पानं खर्ची पडली, तो पहिल्यांदा कागदावर येतो तेव्हा कुणी तत्त्वचिंतन करत नाहीये. गावाबाहेर अडकलेला एक माणूस मित्राला म्हणतोय, सगळं सविस्तर कळव.

मग ख्रिस्ती धर्माचार्य ऑगस्टिन आला. चौथ्या शतकाच्या अखेरीस त्याने या भुकेला पापांच्या यादीत बसवलं आणि डोळ्यांची वासना म्हटलं. तो लिहितो की, आता सर्कशीत सशामागे धावणारा कुत्रा बघायला मी जात नाही, पण शेतातून जाताना तेच दिसलं की मन तिकडे ओढलं जातं. घरी बसलेलो असताना पाल माश्या टिपते, कोळी जाळ्यात सापडलेल्या माशीभोवती धागे गुंडाळतो, आणि मी बघत राहतो. त्याला ही आपली अधोगती वाटते. मला मात्र त्या परिच्छेदात एक उत्तम निसर्ग-निरीक्षक दिसतो, ज्याला स्वतःच्याच डोळ्यांची भीती घातली गेली आहे. ऑगस्टिनचा दरारा इतका, की पुढची हजारएक वर्षं युरोपात कुरिओसितास म्हटलं की आधी कान पिळला जायचा. स्पॅनिश अकादमीच्या कोशाच्या जुन्या आवृत्त्यांतही या शब्दाची एक व्याख्या 'ज्याच्याशी आपल्याला कर्तव्य नसावं ते विचारायला लावणारा दुर्गुण' अशी होती.

काळजी, विचार आणि चौकशी या तिघींची स्पॅनिशमध्ये जी अदलाबदल झाली आहे, ती मला या भाषेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. आज स्पॅनिशमध्ये काळजी घेणं म्हणजे 'कुइदार'. ऐकायला वाटतं, हे नक्कीच 'कूरा'वरून आलं असणार. पण नाही. 'कुइदार' आलं ते 'कोगितारे'वरून, म्हणजे विचार करणं. तेच 'कोगितो', जे देकार्त या तत्त्वज्ञाच्या 'मी विचार करतो, म्हणून मी आहे' या वाक्यामुळे जगभर पोचलं. जुन्या कास्तिलियनमध्ये, म्हणजे जुन्या स्पॅनिशमध्ये, 'कुइदार' म्हणजे विचार करणं, वाटणं असंच होतं. हळूहळू ज्याचा सतत विचार करतो त्याची काळजी घेतो, असा अर्थ सरकत गेला. आता 'केरेर' घ्या. 'ते किएरो', माझं तुझ्यावर प्रेम आहे. हे आलं लॅटिन 'क्वाएरेरे'वरून, म्हणजे शोधणं, विचारणं. शोधत राहिलं, विचारत राहिलं, की ते हवंसं होतं आणि मग प्रेम. म्हणजे काळजीचा शब्द विचारातून आला, प्रेमाचा शब्द विचारण्यातून आला आणि कुतूहलाचा शब्द काळजीतून. कुणी ठरवून केलेलं नाही हे. शतकानुशतकं शेतकरी, न्हावी, दाया, खेचरं हाकणारे लोक बोलत राहिले आणि होत गेलं.

'प्रेगुन्तार' म्हणजे प्रश्न विचारणं. त्याच्या मुळाशी 'कोन्तुस' आहे, होडीतला लांब बांबू. नावाडी तो पाण्यात टाकून तळ किती खाली आहे ते अजमावतो, त्यावरून लॅटिनमध्ये 'पेरकोन्तारी', आणि त्याचं रूप बदलत बदलत 'प्रेगुन्तार'. हे विद्यार्थ्यांना सांगितलं की वर्ग एकदम गप्प होतो. कोकणातली मुलं असली तर त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

पण त्याच 'क्वाएरेरे'पासून 'इन्किसिसिओन' हा शब्दही झाला, म्हणजे इन्क्विझिशन. प्रेम आणि धर्मन्यायालय एका मुळाचे. स्पेनमध्ये ते 1478 साली स्थापन झालं आणि 1834 साली कायमचं बरखास्त झालं. तिथेही विचारणंच होतं. फक्त उत्तर आधी ठरलेलं असे आणि विचारले जाणाऱ्याने ते कबूल करायचं असे.

याच काळात, 1611 साली, सेबास्तियान दे कोवार्रुबियास नावाच्या, कुएन्काच्या कॅथेड्रलमधल्या एका धर्मगुरूने कास्तिलियन भाषेचा मोठा कोश काढला. स्पॅनिशचा स्पॅनिशमध्येच अर्थ सांगणारा हा पहिला मोठा कोश. त्यात तो 'कुरिओसो'ची व्युत्पत्ती देताना म्हणतो की हा शब्द 'कूरा'वरून आला असावा, किंवा मग 'कुर' या लॅटिन अव्ययावरून. 'कुर' म्हणजे 'का'. कारण कुरिओसो माणूस सदानकदा विचारत असतो, हे का आणि ते का. भाषाशास्त्राच्या कसोटीवर दुसरी व्युत्पत्ती टिकत नाही. तरी ती मी वर्गात सांगतेच. इन्क्विझिशनच्या ऐन अमलात, चर्चच्या नोकरीतला एक वृद्ध कोशकार या शब्दाकडे बघतो आणि त्याला ऐकू येतं ते पाप नाही. त्याला 'का, का' ऐकू येतं. दोन वर्षांनी तो वारला.

मांजराचंही सांगून टाकते, कारण विद्यार्थी विचारतातच. 'ला कुरिओसिदाद मातो आल गातो', कुतूहलाने मांजराचा जीव घेतला. स्पॅनिशमध्ये ही म्हण इंग्रजीतून आली. आणि इंग्रजीत ती आधी वेगळीच होती. 1598 च्या बेन जॉन्सनच्या नाटकात आणि त्याच सुमाराला शेक्सपिअरकडेही, मांजर मरतं ते 'केअर'ने, म्हणजे काळजीने, चिंतेने. कुतूहल तिथे नंतर येऊन बसलं. पुन्हा तीच जोडी, आणि या खेपेला इंग्रजी 'केअर'चा लॅटिन 'कूरा'शी काही संबंध नसताना.

आता सोर, म्हणजे सिस्टर, हुआना. हिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला म्हटलं तरी चालेल.

सोर हुआना इनेस दे ला क्रूस सतराव्या शतकाच्या मध्यावर मेक्सिकोत, नेपान्त्ला नावाच्या गावात जन्मली. तिथे तेव्हा स्पेनचं राज्य होतं. तिसऱ्या वर्षी मोठ्या बहिणीच्या मागे मागे शिकवणीला गेली आणि बाईंना म्हणाली, आईने मलाही शिकवायला सांगितलंय. बाईंना हे खोटं आहे ते कळलं, पण पोरीची गंमत वाटून त्यांनी शिकवलं. चीज खाल्लं की बुद्धी मंद होते असं कुणी म्हणालेलं कानावर पडलं, म्हणून आवडत असूनही तिने चीज सोडलं. लॅटिन शिकताना केस चार-सहा बोटं कापायची आणि स्वतःलाच अट घालायची: परत तेवढे वाढेपर्यंत अमुक इतकं यायला हवं. नाही आलं तर पुन्हा कात्री. ज्या डोक्यात ज्ञान नाही त्याला केसांचा शृंगार कशाला, असं तिचं म्हणणं. विद्यापीठात पाठव, हवं तर मुलाचे कपडे घालून जाते, म्हणून आईच्या मागे लागली. ते झालं नाही. मग आजोबांची पुस्तकं वाचली, आणि 1669 साली मेक्सिको शहरातल्या सान हेरोनिमोच्या मठात जोगीण म्हणून कायमची राहिली. लग्न नको आणि पुस्तकं हवीत, तर तेव्हाच्या बाईला तोच एक रस्ता होता.

हे सगळं तिने स्वतः लिहिलंय. 1690 साली पुएब्लाच्या बिशपने तिचं एक धार्मिक टीकालेखन तिला न विचारता छापलं आणि सोबत 'सोर फिलोतेआ' अशा बाईच्या नावाने पत्र जोडून तिला समज दिली, की लौकिक विद्या आवर आणि धर्मग्रंथांकडे वळ. त्याला तिने मार्च 1691 मध्ये उत्तर लिहिलं. स्पॅनिश गद्यात कुरिओसिदादची याहून जिवंत साक्ष मला माहीत नाही.

त्या पत्रात ती सांगते की एकदा एका सात्त्विक, भोळ्या मठप्रमुख बाईंना वाटलं, अभ्यास ही इन्क्विझिशनच्या कक्षेतली गोष्ट आहे. त्यांनी वाचन बंद करवलं. सुमारे तीन महिने हुआनाने पुस्तक हातात घेतलं नाही. पण बघणं कसं बंद करणार? मठाच्या लांबलचक शयनगृहात ती येरझारा घालायची आणि दिसायचं की दोन्ही बाजूंच्या भिंती समांतर आहेत, छत सपाट आहे, तरी डोळ्याला त्या रेषा लांब जाऊन एकमेकींकडे झुकतात आणि छत पलीकडे खाली येतं. का? तिच्यासमोर दोन मुली भोवरा फिरवत होत्या. तिने जमिनीवर पीठ पसरायला लावलं आणि भोवरा त्यावर नाचू दिला, पूर्ण वर्तुळं उमटतात की नाही ते बघायला. उमटली नाहीत. जोर ओसरत जाईल तशा रेषा मळसूत्रासारख्या वळत गेल्या.

आणि स्वयंपाकघर. अंडं लोण्यात किंवा तेलात टाकलं तर एकजीव होऊन तळलं जातं, साखरेच्या पाकात टाकलं तर फुटून विखुरतं. साखर पातळ राहावी म्हणून तिच्यात बीही नावाच्या किंवा दुसऱ्या एखाद्या आंबट फळाचा अंश असलेलं अगदी थोडं पाणी घातलं की पुरतं. एकाच अंड्याचा बलक आणि पांढरं यांचे स्वभाव इतके विरुद्ध, की साखरेबरोबर एकेकटे चालतात, दोन्ही मिळून चालत नाहीत. हे लिहून ती म्हणते, अॅरिस्टॉटलने स्वयंपाक केला असता तर त्याने आणखी कितीतरी लिहिलं असतं.

या वाक्याचे पोस्टर होतात, मगवर छापतात, पण त्याच्या अलीकडचा पाक आणि अंडं कुणी छापत नाही. मला महत्त्वाचा तो पाक वाटतो. ज्याला पाक बिघडू द्यायचा नाही, त्यालाच तो का बिघडतो हे दिसतं. सोर हुआना मठाची हिशेबनीस होती, शेजारच्या खोलीत कुणी गात-वाजवत बसलं किंवा दोन दासी भांडून न्यायनिवाड्याला आल्या तर पुस्तक मिटून उठायची. तिची जिज्ञासा रिकाम्या वेळातली नव्हती. ती भांड्यांच्या, पिठाच्या, भावभावनांच्या मध्ये उभी होती. माझ्या घरमालकीणबाईंचं 'कुरिओसा' आणि अकादमीच्या कोशातलं 'कुरिओसा' ही दोन्ही एका बाईत भरून राहिलेली बघायची असतील, तर हे पत्र वाचावं.

पुढचं वाचवत नाही. दोन-तीन वर्षांत तिच्यावरचा दबाव वाढला, तिने ग्रंथसंग्रह आणि उपकरणं देऊन टाकली आणि स्वतःच्या रक्ताने सही करून प्रतिज्ञा केल्या. 1695 साली मठात साथ आली. आजारी भगिनींची शुश्रूषा करता करता तिलाही लागण झाली आणि 17 एप्रिलला ती गेली. मेक्सिकोच्या शंभर पेसोंच्या नोटेवर आज तिचा चेहरा आहे.

हे सगळं स्पेन-मेक्सिकोत राहिलं असतं, पण एक वाट थेट आपल्या किनाऱ्यावर येते. गार्सिया द ओर्ता. पोर्तुगालमध्ये जन्मला, पण आईवडील स्पेनमधले ज्यू. 1492 मध्ये ज्यूंना स्पेनमधून हाकललं तेव्हा सीमा ओलांडून आलेले आणि नंतर जबरदस्तीने ख्रिस्ती झालेले. तो वैद्यक शिकला ते मात्र स्पेनमध्येच, सालामान्का आणि आल्काला इथे. 1534 साली गोव्याला आला आणि परत गेला नाही. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्याची ऊठबस होती, आणि मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. 1563 साली त्याने इथल्या औषधी वनस्पतींवर पोर्तुगीजमध्ये ग्रंथ लिहून गोव्यातच छापला. सगळा संवादरूप. एका बाजूला ओर्ता स्वतः, दुसऱ्या बाजूला रुआनो नावाचा डॉक्टर, सालामान्का-आल्कालापासून ओळखीचा, प्रश्नांची यादी घेऊन गोव्यात उतरलेला. हा रुआनो ओर्ताने कल्पनेने उभा केलेला, असं अभ्यासक मानतात. म्हणजे विचारणारं कुणी हवं म्हणून त्याने एक कुरिओसो घडवला आणि त्याला आपल्या घरी जेवायला बसवलं. हिंग काय असतो, विडा कशाचा, धोतऱ्याने काय होतं, आंब्यांत सरस कुठला. रुआनो ग्रीक ग्रंथकारांचे दाखले देतो तेव्हा ओर्ता म्हणतो, दिओस्कोरिदेस आणि गालेनची भीती मला घालू नका, मी फक्त खरं आणि मला ठाऊक असलेलं तेवढंच सांगणार आहे. मध्येच दासी आन्तोनिया हवी ती वस्तू आणून समोर ठेवते.

1568 साली तो वारला. पुढच्याच वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला, कातारीनाला, जिवंत जाळलं. 1580 साली त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळली. शिक्षा मेलेल्यालाही द्यायची, इतकी ती चौकशी पक्की. पणजीत आज त्याच्या नावाची बाग आहे. येणारे जाणारे तिथे टेकतात, पाटीवरचं नाव वाचतात आणि बसची वाट बघतात.

मराठीत 'चौकस' हा शब्द मी वर्गात 'कुरिओसो'ला जोडून देते, कारण त्यातही दोन्ही आहे. चौकस मुलगा प्रश्न विचारतो आणि चौकस माणूस व्यवहारात दक्ष असतो, बारकाईने बघून काम करतो. नुसत्या डोकावण्याला आपल्याकडे भोचक आहे, चोंबडा आहे; स्पेनमध्ये 'कोतिया', मेक्सिकोत 'मेतिचे'. ते शब्द वेगळे ठेवलेले बरे.

ओर्ताच्या ग्रंथात एक संवाद पटकीवर आहे. त्यात तो रोगाचं इथलं नाव देतो, 'मोर्शी'. पोर्तुगीज कानाने टिपलेली आपली मोडशी. पोट बिघडलं की माझी आजी 'मोडशी झालीय' म्हणायची आणि सुंठ उगाळायला बसायची, तीच. ओर्ताने रोग्याची नाडी, डोळे, तहान, पेटके, सगळं बघून लिहिलं आणि नाव इथल्या लोकांना विचारून घेतलं. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचं 'मोर्देशी' झालं, हेही तोच नोंदवतो. मग फ्रेंचांनी ते ऐकलं. त्यांना त्यात आपल्याच भाषेतले शब्द ऐकू आले, 'मोर द शियाँ', म्हणजे कुत्र्याचं मरण, आणि त्यांच्या पुस्तकांत पटकीचं तेच नाव लागलं. हे नाव मुळात कुणाचं, असं त्यांच्यापैकी कुणी किनाऱ्यावर उतरून विचारलं असतं, तर गोव्यातल्या कुठल्याही म्हातारीने सांगितलं असतं.